खाटेशेजारून आलेले प्रश्न

बाळंतपणानंतर किती रक्त गेले, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. त्याचे उत्तर मात्र पिढ्यानपिढ्या नजरेने दिले गेले. चादर कितपत भिजली, खालचे भांडे किती भरले, बाईचा चेहरा पांढरा पडला का, एवढ्यावर अंदाज बांधायचा आणि कागदावर आकडा लिहायचा. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी या अंदाजाची परीक्षा घ्यायचे ठरवले. त्यांनी बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायची प्लास्टिकची चादर तयार केली. तिच्या टोकाला निमुळती पिशवी होती आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा होत्या. नजरेचा अंदाज आणि पिशवीचे माप शेजारी ठेवून पाहिल्यावर अंदाज सरासरी ३३ टक्क्यांनी कमी निघाला. साडेसातशे मिलिलिटर रक्त गेलेले असताना पाहणाऱ्याला ते पाचशेच्या आसपास वाटत होते. पाचशे ही धोक्याची रेषा मानली जाते. म्हणजे बाई रेषा ओलांडून बरीच पुढे गेलेली असायची आणि तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांना ती अजून रेषेवरच वाटायची.

याच पिशवीच्या आधाराने बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक मोठी चाचणी झाली. रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम, पण ते थंड ठेवावे लागते आणि सुईने द्यावे लागते. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात दोन्हींची शाश्वती नव्हती. मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने घेता येते आणि तिला फ्रीज लागत नाही. ती खरोखर उपयोगी पडते का, हे तपासायचे होते. २५ एएनएम, म्हणजे गावाच्या भाषेत नर्सबाई, यांनी बाळंतपणे केली, गोळी दिली आणि रक्त मोजले. चाचणीत १,६२० स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना औषधाची आणि निम्म्या जणींना तशीच दिसणारी औषधाविना गोळी मिळाली. कोणाला कोणती, हे नर्सबाईंना ठाऊक नव्हते. २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते आणि एक लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

खुणांच्या पिशवीची गोष्ट तिथे थांबली नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या ८० रुग्णालयांत ‘ई-मोटिव्ह’ नावाची चाचणी झाली. दोन लाखांहून अधिक स्त्रियांची त्यात नोंद होती. खुणांच्या पिशवीत रक्त मोजायचे आणि रेषा ओलांडली की गर्भाशयाचे मर्दन, औषधे, सलाइन व तपासणी ही कामे एकामागून एक न करता एकदमच सुरू करायची, असा सगळा बेत. एरवी एक उपाय करून वाट पाहायची, तो लागू पडला नाही तर दुसऱ्याकडे वळायचे, अशी रीत होती, आणि त्या वाट पाहण्यात रक्त वाहत राहायचे. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीव्र रक्तस्राव, त्यामुळे करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत १.६ टक्के होते, तर जुन्या पद्धतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के. औषधे नवी नव्हती. रक्त वेळेवर ओळखले गेले आणि हात वेळेवर चालले, एवढाच बदल होता. हे हात बहुतांशी प्रसाविकांचे होते.

इतके यश पाहूनही एक गोष्ट खटकते. बेळगावच्या त्या शोधनिबंधात २५ एएनएमच्या कामाचा उल्लेख आहे. पण लेखक म्हणून नावे आहेत ती डॉक्टरांची आणि संशोधकांची. यात कोणाची अप्रामाणिकता नाही. वैद्यकीय संशोधनाची ती जगभरची रीत आहे आणि त्या संशोधकांनी ग्रामीण स्त्रियांसाठी केलेले काम मोठेच आहे. तरी प्रश्न उरतो: रात्री-अपरात्री कंदिलाच्या किंवा बल्बच्या उजेडात पिशवीवरची रेषा अचूक वाचणारी बाई ही फक्त माहिती गोळा करणारी असते का? मोजता मोजता तिला जे दिसते, जे खटकते, त्यातून उगवणारा प्रश्न संशोधनाचा प्रश्न कधी होणार? रुग्णसेवा सुधारायची तर परिचारिकेच्या हाताइतकीच तिच्या प्रश्नाची गरज आहे, आणि भारताने आजवर तिच्याकडून मुख्यतः हातच मागितले आहेत.

प्रसाविकेच्या प्रश्नाने काय घडू शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधल्या रेडिंग शहरात आहे. १९८०च्या सुमारास तिथल्या प्रसूतिगृहांमध्ये योनिमार्गाजवळ छेद घेणे हा नित्याचा भाग झाला होता. छेद घेतला नाही तर वेडेवाकडे फाटते, पुढे स्नायू सैल पडतात, बाळाच्या डोक्यावर ताण येतो, असे शिकवले जाई. जेनिफर स्लीप ही प्रसाविका रॉयल बर्कशायर हॉस्पिटलमध्ये काम करत होती. तिने सहकाऱ्यांसह १,००० स्त्रियांची चाचणी उभी केली. एका गटात छेद शक्यतो टाळायचा, फक्त बाळाच्या जिवासाठी घ्यायचा. दुसऱ्या गटात फाटू नये म्हणून मोकळ्या हाताने घ्यायचा. पहिल्या गटात १० टक्के स्त्रियांना छेद द्यावा लागला, दुसऱ्यात ५१ टक्क्यांना. १९८४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने निष्कर्ष छापले तेव्हा दिसले ते असे: बाळांच्या प्रकृतीत फरक नाही, आईच्या दुखण्यात दहा दिवसांनी फरक नाही आणि तीन महिन्यांनीही नाही. छेद टाळलेल्या गटात अजिबात इजा न झालेल्या स्त्रिया मात्र जास्त होत्या. तीन वर्षांनी त्याच स्त्रियांना पुन्हा गाठून लघवीवरच्या नियंत्रणाबद्दल विचारले गेले. दोन्ही गट सारखेच निघाले. ज्या भविष्यातल्या त्रासाची भीती घालून कातर चालवली जात होती, त्यापासून छेदाने कोणाचेही संरक्षण झालेले नव्हते.

त्याच सुमारास मोना रॉमनी या दुसऱ्या ब्रिटिश प्रसाविकेने बाळंतपणापूर्वी केस काढण्याच्या आणि एनिमा देण्याच्या सक्तीवर प्रश्न उभे केले होते. पोथीत लिहिल्यासारख्या पाळल्या जाणाऱ्या या दोन्ही रीतींना फायद्याचा पुरावा मिळाला नाही. हे प्रश्न एखाद्या प्रयोगशाळेत सुचले नसते. छेदाचे टाके दुखत असताना बाळाला पाजायला बसणारी बाई ज्या व्यक्तीला रोज दिसते, एनिमाची लाज आणि कळ ज्या व्यक्तीच्या डोळ्यांसमोर घडते, तिलाच ते सुचतात. मराठी मुलखातल्या प्रसूतिगृहांत ‘पहिलटकरीण आहे, टाके पडायचेच’ हे वाक्य अजूनही कानावर येते. सरसकट छेद घेऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ची स्पष्ट शिफारस आहे. प्रसाविकेच्या चाचणीपासून त्या शिफारशीपर्यंत चौतीस वर्षे गेली, आणि शिफारशीपासून खाटेपर्यंतचे अंतर अजून पुरते तुटलेले नाही.

या परंपरेचे मूळ फ्लॉरेन्स नाइटिंगेलपर्यंत जाते. शाळेच्या पुस्तकांनी तिला दिवा हातात दिला आणि तिच्या हातातले आकड्यांचे तक्ते काढून घेतले, हे तिच्यावर अन्याय करणारे आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे तिने १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारसमोर मांडले. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट प्रसूतीची आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये तिच्या निधीतून प्रसाविकांचे प्रशिक्षण चालणारा एक कक्ष होता. तिथे सूतिकाज्वराने स्त्रिया दगावू लागल्या आणि १८६७ मध्ये तो बंद करावा लागला. नाइटिंगेलने हे प्रकरण मिटवून टाकले नाही. ठिकठिकाणचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये तिने प्रसूतिगृहांवर पुस्तक लिहिले. घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा प्रसूतिगृहांत येणाऱ्या स्त्रिया अधिक प्रमाणात मरतात, हा त्या काळातला निष्कर्ष तिने त्यात मांडला. आपण उभारलेल्या कामाचे अपयश मोजून जगापुढे ठेवणे, ही शुश्रूषेच्या शास्त्राची सुरुवात आहे. सेवाभावाच्या गौरवात ती हरवते.

सेवाभावाचा गौरव हा विषय महाराष्ट्राला फार जवळचा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणाची सुनावणी झाली, तेव्हा इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नाही, ही बाब रुग्णालयाच्या वतीने मांडली गेली. न्यायालयाने परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. देश हेलावला. माया, त्याग, निष्ठा हे शब्द सगळीकडे उमटले, आणि ते खरेच होते. पण चार दशके पाठीला जखम होऊ न देणे हे मायेइतकेच कौशल्याचे काम आहे. पाळ्या बदलत होत्या, जुन्या सिस्टर निवृत्त होत होत्या, नव्या येत होत्या आणि तरी काळजीत खंड पडत नव्हता. हे कसे साधले? कुशीवर वळवण्याचे वेळापत्रक, आहार, त्वचेची निगा, एका पाळीने दुसरीला सांगायच्या गोष्टी यांचे ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे कसे गेले? जगातल्या कुठल्याही नर्सिंग विद्यापीठाला हा अभ्यासविषय हवासा वाटला असता. आपण त्याला हार घातला.

याच विषयाकडे डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने कसे पाहिले, ते शेजारी ठेवावे. वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेवरचा तिचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी पाठीला नाना प्रकारची मलमे, पावडरी आणि द्रव चोळले जात. प्रत्येक वॉर्डाचा आपला हातखंडा उपाय असे. नॉर्टनने दाखवले की चोळण्यापेक्षा दाब हटवणे, म्हणजे रुग्णाला नियमित कूस बदलून देणे, हेच निर्णायक आहे. तिने शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील नियंत्रण या पाच गोष्टींना गुण देणारी पट्टी बनवली. १४ किंवा त्याहून कमी गुण आले की जखमेचा धोका. जखम झाल्यावर धावपळ करण्याऐवजी ती होण्याआधी कोणाकडे लक्ष द्यायचे, हे पाळीवर आलेल्या नवख्या मुलीलाही कळू लागले. एका परिचारिकेची जाण अशी हजारो जणींच्या हाती गेली.

जाण कितीही असली तरी कूस बदलायला वेळ लागतो, आणि वेळ संख्येवर अवलंबून असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लिंडा एकेन या स्वतः परिचारिका. २००२ मध्ये त्यांनी १६८ रुग्णालयांतील दोन लाख बत्तीस हजारांहून अधिक शस्त्रक्रियांच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. युरोपातल्या नऊ देशांच्या २०१४च्या अभ्यासातही जवळपास तेवढाच आकडा आला. यावर रास्त आक्षेप असा, की हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्या रुग्णालयांत परिचारिका जास्त, तिथे पैसाही जास्त असेल. त्याचे बरेचसे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडने दिले. तिथे २०१६ पासून काही सरकारी रुग्णालयांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका, हे किमान प्रमाण लागू झाले. लागू झालेल्या २७ आणि न झालेल्या २८ रुग्णालयांची आधीची व नंतरची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रमाण पाळणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू, पुन्हा भरती होणे आणि मुक्कामाचे दिवस या तिन्हींत चांगला फरक पडला. जादा परिचारिकांवर जेवढा खर्च झाला, त्याच्या दुपटीहून अधिक वाचला.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष कागदावर याहून फार वेगळे नाहीत: शिक्षणसंस्थेशी जोडलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक. सरकारी वॉर्डात रात्री एकदा फेरी मारून आलेल्या कोणालाही कागद आणि वॉर्ड यांतले अंतर सांगावे लागत नाही. त्या अंतराची किंमत किती जिवांनी मोजली जाते, याचा महाराष्ट्रापुरता, एकेनसारखा, रुग्णालयवार हिशेब मांडला गेला पाहिजे. पदभरतीच्या मागणीला मोर्चाइतकेच बळ अशा आकड्यांनी येईल.

संशोधनातून नेहमी सुखाचेच उत्तर मिळते असे मात्र नाही, आणि न मिळालेले उत्तरही कामाचे असते. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्यकेंद्रांत सुरक्षित प्रसूतीची यादी वापरण्याची ‘बेटरबर्थ’ चाचणी झाली. दीड लाखांहून अधिक बाळंतपणांचा त्यात समावेश होता. हात धुणे, रक्तदाब पाहणे, बाळाला आईच्या अंगाशी ठेवणे अशा गोष्टींची यादी आणि ती पाळण्यासाठी काही महिने शेजारी बसून शिकवणारी माणसे, असा उपक्रम होता. शिकवणी चालू असताना आवश्यक कृतींपैकी जवळपास ७३ टक्के पाळल्या जात होत्या, तुलनेच्या केंद्रांत ४२ टक्के. शिकवणारे निघून गेल्यावर हे प्रमाण उतरले. आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा माता आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. परिचारिकेच्या वागणुकीला वळण लावले की सगळे सुधारेल, या सोप्या समजुतीला इथे धक्का बसतो. यादीत लिहिलेले तिने केले, पण रक्तपेढी दूर असेल, गुंतागुंत हाताळणारे डॉक्टर नसतील, वरच्या रुग्णालयात नेणारी गाडी वेळेवर येत नसेल, तर तिच्या हातात काय उरते? तिला शिकवण्याआधी, काम करताना ती कुठे अडते, हे तिला विचारायला हवे.

असाच सावधपणा प्रसाविकांच्या नव्या धोरणाबाबतही हवा. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि अठरा महिन्यांचा ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा अभ्यासक्रम आखला. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. या दिशेला आधार देणारा पुरावा भक्कम आहे. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीच्या प्रसाविकेने साथ दिली तर काय होते, याच्या १५ चाचण्यांचा आढावा जेन सँडल या प्रसाविका-संशोधकाने २०१६ मध्ये घेतला. साडेसतरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या त्या माहितीत अकाली प्रसूती कमी झाल्या होत्या, छेद कमी झाले होते आणि स्त्रियांचे समाधान वाढले होते. सिझेरियनमध्ये मात्र ठळक फरक दिसला नव्हता, आणि त्या १५ पैकी एकही चाचणी भारतातली नव्हती. ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथल्या सार्वजनिक व्यवस्थेत जे सिद्ध झाले, ते महाराष्ट्रात तसेच्या तसे उतरेल असे गृहीत धरता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली चारातली एक प्रसूती सिझेरियनने झालेली दिसते. हे बदलेल का आणि कोणत्या वाटेने, हे इथल्याच प्रसाविकांनी इथेच अभ्यासावे लागेल.

आडवे येते ते नर्सिंग शिक्षणाचे वळण. आपल्याकडे एमएस्सी नर्सिंगचे असंख्य प्रबंध एकाच साच्यातले असतात: अमुक विषयाचे प्रशिक्षण द्या, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घ्या, गुण वाढले असे लिहा. ऐकल्यावर लगेच माणसाला आठवणारच. रुग्णाच्या अंगावर त्याचा काय परिणाम झाला, हे बघायला कोणी थांबत नाही. दोष विद्यार्थिनींचा नाही. त्यांना वॉर्डात मोजमाप करायला वेळ, परवानगी आणि पैसा मिळत नाही, आणि पदवी झाली की खाटेपासून दूर, महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी हीच बढती ठरते. ज्या हाताला दुखणे कळते तो हात संशोधनातून बाहेर पडतो आणि ज्याला संशोधन कळते तो वॉर्डातून.

तोवर इथले प्रश्न तसेच पडून राहतात. लंडनमध्ये किंवा फिलाडेल्फियात ते सुचणार नाहीत, कारण तिथे रुग्णाची कूस नातेवाईक बदलत नाहीत. आपल्याकडे वॉर्डातली अर्धी शुश्रूषा खाटेखाली चटई टाकून झोपणारी सून, बहीण किंवा मुलगा करतो. नळीतून अन्न भरवणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, पाठ पुसणे ही कामे तोच करतो, बहुतेकदा कोणी न शिकवता. त्याला पहिल्या दिवशी अर्धा तास शिकवले तर बेडसोर किती कमी होतील? बाळंतिणीजवळ सासू किंवा आई थांबू दिली तर प्रसूतीकक्षात काय बदलेल? गर्भाशयाचे मर्दन करताना रात्रपाळीला एकटी असलेली सिस्टर मदतीला कोणाला हाक मारते आणि ती हाक किती मिनिटांत ऐकली जाते? यांची उत्तरे कोणत्याही जिल्हा रुग्णालयात, तिथल्याच परिचारिकांना आठवड्यातले काही तास मोकळे करून देऊन आणि निबंधावर त्यांचे नाव पहिले छापून, दोन-तीन वर्षांत मिळू शकतात.